जुनेर

दिवाळी तोंडावर आली की घराघरांतून जुनेर बाहेर पडते. फराळाचे डबे घासायला निघतात, माळ्यावरची जळमटे निघतात आणि त्यांच्याबरोबर कपाटाच्या तळाशी दडपलेले कपडेही निघतात. आखूड झालेल्या विजारी, कोपरावर विरलेले सदरे, मुलीला वर्षभरात तोकडे पडलेले फ्रॉक. या ढिगाचे काय करायचे, हा प्रश्न गृहिणींचा समजला जातो. मला तो नीतीचा वाटत आला आहे. मॅट्रिकच्या पुढे न गेलेल्या मास्तराने नीतीवर फार बोलू नये हे खरे. पण रोज चाळीस सदरे माझ्यासमोर बाकांवर बसलेले असतात. त्यांतले किती नवे आणि किती कुणाच्या अंगावरून उतरलेले, हे ओळखायला पदवी लागत नाही.

आमच्या लहानपणी या प्रश्नाचे उत्तर डोक्यावर पाटी घेऊन दारात येई. बोहारीण! पाटीत भांडी, काखेत गाठोडे. पुरुषमाणसे कामावर गेली की भर दुपारी तिची आरोळी ऐकू यायची, आणि मग ओसरीवर जे चाले ते मी गृहपाठ बाजूला ठेवून पाहत असे. आईने कपडा पुढे टाकायचा. बोहारणीने तो दोन्ही हातांनी ताणून उजेडाकडे धरायचा, विरलेल्या जागेतून पलीकडचे आभाळ पाहायचे आणि एक शब्द न बोलता बाजूला सारायचा. विजारीला मान होता, सदऱ्याला बरा भाव होता, बनियनला ती हातही लावीत नसे. जरीची साडी निघाली की तिचा चेहरा मुद्दाम कोरा होई. जर जाळून चांदी निघते हे तिला ठाऊक, आणि तिला ते ठाऊक आहे हे आईला ठाऊक.

"या पातेल्याला आणखी दोन विजारी घाला, बाई."

"दोन? अगं, सहा कपडे दिले की तुला!"

ती पाटी उचलायची, आई दार लोटायची, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना दोघी एकमेकींची वाट पाहत थांबायच्या. पुढे माझ्या डोळ्यांदेखत स्टीलच्या जागी प्लॅस्टिकचे टब आले, तरी हा खेळ बदलला नाही.

पुष्कळ सुशिक्षितांना हा सौदा हलका वाटे. जुने कपडे गरिबाला द्यावेत, त्यांवर पातेली कसली मागायची? बोलणे बिनतोड वाटते खरे. बोहारणीचे आयुष्य काही सुखाचे नव्हते. उन्हातान्हात पाटी वाहायची, घरी जाऊन फाटके शिवायचे, धुवायचे, इस्त्री करायचे, आणि बाजारात पुन्हा दुसऱ्याशी घासाघीस करायची. या साऱ्यात तिच्या पदरात फार थोडे पडे. पण तिच्याजवळ एक गोष्ट होती. तिला "हे नको" म्हणता येत असे. आमच्या घरच्या कपड्याला नाक मुरडून ती उठून जाऊ शकत असे, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच दारात ताठ मानेने येऊ शकत असे. मोलकरणीला मालकिणीने दिवाळीला जुनी साडी दिली, तर तिला हे जमेल का?

काही वर्षांपूर्वी शाळेत गणवेशाला सुट्टी असलेल्या एका दिवशी सहावीतला एक मुलगा निळ्या चौकड्यांचा सदरा घालून आला. मागच्या बाकावरचा दुसरा आनंदाने म्हणाला, "हा माझा आहे! खिशापाशी शाईचा डाग बघ." त्यात कुचेष्टा नव्हती; ओळखीची वस्तू दिसल्याची मौज होती. पहिल्याची आई दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करीत असे. त्या मुलाने डागावर हात ठेवला. मी त्याला फळ्याशी बोलावले, तेव्हाही डाव्या हाताने खिसा झाकूनच त्याने गणित सोडवले. गणित बरोबर होते.

तोच सदरा बोहारणीच्या गाठोड्यातून बाजारात गेला असता आणि तिथून त्या मुलाच्या आईने पैसे टाकून आणला असता, तर डाग तोच असता. पण तो कुणाचा, हे सांगायला कुणी नसते. पैसे मोजले की कपड्याचा पहिला धनी पुसला जातो. दिलेल्या कपड्याला तो वर्षानुवर्षे चिकटून राहतो. "तो सदरा घालत नाही का गं मुलगा?" असे विचारण्याचा हक्कही त्याने राखून ठेवलेला असतो.

हे इतरांनाही उमगले आहे. अमेरिकेत बोस्टनमध्ये १९०२ साली एडगर हेल्म्स या धर्मोपदेशकाने सुखवस्तू घरांतून जुने कपडे व सामान गोळा केले. ते वाटून न टाकता गरजूंनाच मजुरी देऊन दुरुस्त करून घेतले आणि विकायला मांडले. 'गुडविल' दुकाने निघाली ती त्यातून. आपल्याकडे अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये सुरू केलेली 'गूंज' ही संस्था गावकऱ्यांनी आपल्याच गावासाठी केलेल्या श्रमाच्या मोबदल्यात कपडे देते. २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत मदतीच्या जुन्या कपड्यांचे ढीग रस्त्याकडेला पडून राहिले होते. सर्वस्व गेलेल्या माणसांनाही ते नको होते. बोहारणीने त्यांतले निम्मे आपल्या उंबऱ्यावरच नाकारले असते.

आता बोहारीण क्वचितच येते. आली तरी सोसायटीचा रखवालदार तिला फाटकातच अडवतो. काही फाटकांशी कपडे टाकायची पेटी असते. पेटी काही उजेडाकडे धरून पाहत नाही, बनियनदेखील मुकाट्याने घेते.

आणि २०२० च्या टाळेबंदीपासून जुन्या कपड्यांना एक नवे नाव ऐकू येऊ लागले आहे: 'थ्रिफ्ट'. इन्स्टाग्रामवर एकेक कपडा मांडतात, पहिला निरोप ज्याचा त्याला तो मिळतो. माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली आणि अंगातले जाकीट दाखवून म्हणाली, "सर, थ्रिफ्टचे आहे!" तिचा अभिमान मला आवडला. कापड, पाणी, रंग वाया जाऊ नयेत, हे तिचे म्हणणेही मला पटते. फक्त एवढेच की, जुने घालायची लाज गेली ती ज्यांना नवे परवडते त्यांची. निळ्या चौकड्यांच्या सदऱ्यातला तो मुलगा आता कमावता झाला आहे. तो पदपथावरचा दोनशेचा, तीन धुण्यांत विटणारा, पण कोरा सदरा घेतो. घडी मोडण्याचे सुख त्याला उशिरा मिळाले. त्याला पर्यावरण शिकवायला माझी जीभ रेटत नाही.

मी स्वतः पुण्याच्या जुन्या बाजारात जातो. बुधवारी आणि रविवारी तो भरतो. निमित्त पुस्तकांचे, बराच वेळ मात्र मी कपड्यांच्या ढिगांपाशी असतो. गेल्या खेपेला एक गवंडी कोट घालून पाहत होता. बाह्या आखूड होत्या. त्याने भाव विचारला, ऐकून हसला, कोट काढून ढिगावर टाकला आणि निघाला. पहिली दोन पावले त्याने जरा सावकाशच टाकली. विक्रेत्याने हाक मारली, तेव्हा तो लगेच वळला नाही.