कंपनीच्या हातून सुटलेली यंत्रं

गावच्या शिंप्याच्या टपरीत, बचत गटाच्या खोलीत, शहरातल्या ब्लाउज शिवणाऱ्या दुकानाच्या कोपऱ्यात पायाने चालवायचं काळं शिवणयंत्र अजून रोज चालतं. त्याची मूळ रचना शंभर वर्षांहून जुनी आहे. ते टिकलं कसं, याची दोन उत्तरं आपल्याकडे तयार असतात. एक हळवं: जुन्या वस्तूंवर जीव जडतो. ते बाजूला ठेवू. जिला संध्याकाळपर्यंत गिऱ्हाइकाचे कपडे उतरवायचे आहेत, ती बाई आठवणींसाठी पायडल मारत नाही. दुसरं उत्तर असं, की पूर्वीच्या वस्तू दणकट असत. हे खरं असलं तरी पुरेसं नाही, कारण दणकट वस्तूही निकामी होतात. कोडॅकने १९३५ साली कोडाक्रोम ही रंगीत फिल्म आणली. ती ज्यांत भरली जाई त्यांतले कितीतरी कॅमेरे आजही ठणठणीत आहेत. पण ती धुण्याची प्रक्रिया फार गुंतागुंतीची, आणि तिची रसायनं कोडॅकवर अवलंबून. २००९ मध्ये कंपनीने फिल्म बंद केली, आणि ३० डिसेंबर २०१० नंतर अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यातल्या ड्वेन्स फोटो या शेवटच्या प्रयोगशाळेनेही ती धुवायला घेणं थांबवलं. त्याच कॅमेऱ्यात बसणारी कृष्णधवल फिल्म मात्र आजही मिळते, आणि हौशी माणूस घरच्या न्हाणीघरात अंधार करून ती धुऊ शकतो, कारण तिची कृती सर्वांना ठाऊक आहे आणि रसायनं अनेकजण विकतात. कॅमेरा तोच, दणकटपणाही तोच. फरक मालकीचा आहे. म्हणून माझं म्हणणं असं, की जुनं यंत्र लोक समाधानाने वापरत राहतात ते बहुधा त्याच्या निर्मात्याचा त्यावरचा ताबा सुटल्यानंतर.

शिवणयंत्राचा इतिहास याला चांगला आधार देतो. टोकाजवळ नाकं असलेली सुई आणि खालून दुसरा दोरा घेऊन येणारं शटल यांचं पेटंट एलियास हाऊ याने १८४६ साली घेतलं. आयझॅक सिंगरचं पेटंट १८५१ चं. पुढची काही वर्षं यंत्रांपेक्षा खटलेच जास्त गाजले. शेवटी १८५६ मध्ये हाऊ, सिंगर आणि इतर दोन कंपन्यांनी आपापली पेटंटं एकत्र केली. मग बाहेरच्या कोणालाही यंत्र बनवायचं तर त्यांना शुल्क मोजावं लागे. ही मिरासदारी १८७७ पर्यंत चालली. शेवटचं महत्त्वाचं पेटंट संपलं, कारखाने वाढले, किमती उतरल्या. सिंगरच्या ‘१५’ क्रमांकाच्या मॉडेलचं भाग्य तर याहून मोठं. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानी कारखानदारांनी तोच आराखडा प्रमाण मानला आणि एकमेकांत बदलता येतील असे भाग बनवले. आपल्याकडे १९३० च्या दशकात कोलकात्यात उषाची सुरुवात झाली आणि पुढे लुधियाना हे शिवणयंत्रांचं आणि त्यांच्या सुट्या भागांचं मोठं केंद्र बनलं. याला सभ्य भाषेत प्रमाणीकरण म्हणतात; रोखठोक बोलायचं तर ही नक्कल होती, आणि या नकलेचे उपकार फार मोठे आहेत. या घाटाच्या यंत्रावर नाव कोणाचंही असो, बॉबीन, बॉबीन केस, सुई, पट्टा तालुक्याच्या बाजारात मिळतात. दोरा का तुटतो, टीप ढिली का पडते, टाके का सुटतात याचं ज्ञानही असंच मोकळं झालं आहे. कंपनीचा माणूस येण्याची वाट कोणी पाहत नाही. मूळ कंपनी उद्या नाहीशी झाली तरी यंत्राला तिची खबर लागणार नाही.

योगायोग असा, की यंत्रांविषयी साशंक असलेल्या गांधीजींनी अपवाद म्हणून नेमकं हेच यंत्र निवडलं होतं. १९२४ साली रामचंद्रन नावाच्या तरुणाशी बोलताना त्यांनी सिंगरच्या यंत्राचा गौरव केला, तेव्हा त्या तरुणाने बिनतोड प्रश्न टाकला: मग ही यंत्रं बनवायला मोठे कारखाने लागणारच ना? गांधीजींचं उत्तर होतं, की असे कारखाने राज्याच्या ताब्यात असावेत. म्हणजे यंत्र कोणाच्या ताब्यात राहतं यातच खरी मेख आहे, हे त्यांनी ओळखलं होतं. तोडगा मात्र वेगळ्याच वाटेने निघाला. यंत्राला मोकळीक दिली ती राष्ट्रीयीकरणाने नव्हे, तर मुदत संपलेल्या पेटंटांनी आणि नक्कल करणाऱ्या छोट्या कारखान्यांनी.

यावर कोणी म्हणेल, ही सारी गरिबीची गोष्ट आहे. नवं परवडत नाही म्हणून लोक जुनं चालवतात आणि आपण त्याला समाधान म्हणतो. आक्षेप हलका नाही. पायडल मारून गुडघे आणि कंबर धरते. शिवाय यंत्र वर्षानुवर्षं टिकलं म्हणून शिलाईचे दर वाढत नाहीत. शिवणयंत्र वाटपाचे फोटो छापून आणणाऱ्या पुढाऱ्यांना हे सांगायची सोय नसते. पण हातात चार पैसे आल्यावर काय होतं तेही पाहावं. पुष्कळदा त्याच काळ्या यंत्राला छोटी मोटर बसवली जाते. ज्याचा धंदा वाढतो तो मिनिटाला हजारो टाके घालणारं जुकी कंपनीचं यंत्र घेतो, आणि ते रास्तच आहे. जुन्या यंत्राचा अभिमान बाळगून कोणी नव्याला नकार देत नाही. निवड आपल्या सोयीने, आपल्या वेळेला करता येते, आणि समाधान म्हणतो ते मी याला. मोबाइल ठीक चालत असताना केवळ अद्ययावत प्रणाली मिळणं थांबलं म्हणून तो बदलावा लागतो, तिथे पैसे असूनही ही निवड नसते.

दुसरा आक्षेप उद्योगाच्या बाजूचा. निर्मात्याचा ताबा गेलाच पाहिजे म्हटलं तर नवं काही शोधण्याचे कष्ट कोण घेईल? इथे पेटंटची मूळ कल्पना आठवावी. तो एक सौदा आहे: शोधकाला काही वर्षं एकाधिकार, आणि बदल्यात शोधाची संपूर्ण माहिती जाहीर. सिंगरचा आराखडा १८५१ पासून कोणालाही वाचता येत होता. बनवण्याची परवानगी तेवढी नव्हती. सौदा पुरा झाला, सिंगर श्रीमंत झाला आणि जगाला यंत्र मिळालं. या व्यवहाराविरुद्ध माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती आता होत असलेल्या वेगळ्या व्यवहाराविरुद्ध. आजच्या यंत्राचं मर्म त्याच्या आज्ञावलीत असतं. भारतात पेटंट २० वर्षांनी संपतं. आज्ञावली मात्र कायद्याच्या लेखी साहित्यकृती आहे (कवितासंग्रहाच्या पंगतीला बसलेली), आणि तिचा स्वामित्वहक्क लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं चालतो. वर ती उघड करण्याचं बंधनही नाही. अमेरिकेत जॉन डिअरच्या ट्रॅक्टरची दुरुस्ती विक्रेत्याकडच्या सॉफ्टवेअरवाचून अडते म्हणून शेतकरी अनेक वर्षं भांडत आहेत, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानेच कंपनीवर खटला भरला. सुरक्षितता आणि प्रदूषणाचे नियम ही कंपन्यांची ढाल असते. तिच्यात थोडं तथ्य आहे, कारण ब्रेकच्या आज्ञावलीत कोणीही हात घालावा असं मीही म्हणणार नाही. पण बिघाड काय आहे हे वाचू देण्याने ब्रेक निकामी होत नाही.

आपल्याकडे केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाइल, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही तिची क्षेत्रं. सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती मिळावी हा त्यामागचा रोख योग्य आहे, पण तो कंपनी उभी असेपर्यंतच उपयोगाचा. खरा प्रश्न कंपनी हात झटकते तेव्हाचा. उत्पादन आणि देखभाल थांबवल्याचं जाहीर होताच त्या यंत्राचे सर्किटचे आराखडे आणि आज्ञावली खुली करण्याची अट विक्रीच्या परवान्यातच घालता येईल. त्याने कंपन्यांचा खर्च वाढेल, किमती थोड्या चढतील, आणि जुन्या आज्ञावलीतले काही भाग नव्या यंत्रात वापरलेले असल्याने वादही होतील. ते वाद १८५० च्या दशकातल्या खटल्यांहून अवघड असतील असं मात्र वाटत नाही. आजच्या संगणकीय घरगुती शिवणयंत्रातही बहुधा तीच जुन्या मापाची सुई बसते. ती कुठल्याही दुकानात मिळते, सर्किट बोर्ड मिळत नाही.