साधेपणाचा भार

चिरंजीवांनी इंदूरच्या बायपासलगत घर बांधले आणि आम्ही उभयता जुना वाडा सोडून तिकडे राहावयास गेलो. काही काळाने मुलाने व सूनबाईंनी एक निश्चय केला. यापुढे आपले घर शक्य तितके साधे असावे, निसर्गाला कमी उपद्रव देणारे असावे आणि जवळपास पिकणाऱ्या वस्तूंवर चालावे. प्लास्टिकचे डबे गेले, काचेच्या बरण्या आल्या. गहू देपालपूरकडच्या एका शेतकऱ्याकडून थेट येऊ लागला. भांडी घासण्याची बाजारी पावडर बंद होऊन रिठ्याचे पाणी आले. ओल्या कचऱ्याचे खत गच्चीवर होऊ लागले आणि त्या खतावर मेथी, पालक व वांगी डोलू लागली.

मला आनंद झाला आणि थोडी गंमतही वाटली. नवे म्हणून जे चालले होते, ते माझ्या आईच्या घरात नित्याचेच होते. जुन्या धोतराची फडकी, फडक्याचे पोतेरे, शिळ्या पोळीचा कुस्करा, रद्दीच्या पिशव्या. फिरून फिरून भोपळे चौकात, असे मी मनाशी म्हटले.

परंतु आई त्याला साधेपणा म्हणत नसे. ती त्याला संसार म्हणत असे. तिला दुसरा पर्याय नव्हता. आमच्या मुलांना तो आहे. ते अधिक खर्च करू शकतात आणि करीत नाहीत. नीतिशास्त्राची सर्वसाधारण धारणा अशी की, मोल निवडीला असते, नाइलाजाला नसते. मग सूनबाईंचा साधेपणा आईच्या काटकसरीहून श्रेष्ठ मानावा काय? मन याला राजी होईना. पण का होईना, हे सांगताही येईना.

घरातला पहिला वाद झाला तो आमसुलावरून. आमचे पूर्वज होळकरशाहीत इकडे आले. आम्ही सकाळी पोहे-जिलबी खातो, पाहुण्यांना दाल-बाफले करून घालतो. पण वरणात आमसूल पडले नाही तर पान सुने वाटते. मुलाचे म्हणणे असे की, आमसूल कोकणातून शेकडो किलोमीटरवरून येते. इथली कैरी आहे, अमचूर आहे, चिंच आहे. सौभाग्यवतींना हे मुळीच रुचले नाही. “इतक्या पिढ्यांत कोकणची तेवढीच एक आंबट खूण उरली आहे, तीही काढता?” असे त्या म्हणाल्या. मी निवृत्त अधिकारी. वादात पडण्याऐवजी कागद-पेन्सिल घेऊन बसलो.

आमसूल वर्षाला फार तर किलोभर लागते, तेही सुकवलेले आणि हलके. शिवाय अन्नाचा पर्यावरणावरील भार बहुधा वाहतुकीपेक्षा ते पिकवण्याच्या रीतीवर अधिक अवलंबून असतो. आता गच्चीवरची मेथी पाहू. ती अगदी स्थानिक. पण तिला घातलेले पाणी कुठले? इंदूरला नर्मदेचे पाणी 1970 च्या दशकाच्या अखेरीस आले. ते जलूदहून, सुमारे 70 किलोमीटरवरून, विंध्याचा चढ चढवून आणावे लागते. एक हजार लिटर पाणी अर्धा किलोमीटर उंच नेण्यास नुसत्या गणितानेच सुमारे 1.36 युनिट वीज लागते. पंपांतील घट धरली तर त्याहून पुष्कळ अधिक. माळव्याची ख्याती पावलोपावली पाणी असलेला मुलूख अशी होती. त्या माळव्यात आपण विजेवर चढवलेले नर्मदाजल घालून “घरची” भाजी खातो आणि आमसुलाला परके ठरवतो!

हिशेब ऐकून मुलगा हसला. आमसूल राहिले आणि गच्चीवरच्या बागेसाठी पावसाचे पाणी साठवण्याची टाकी बसली. मीही स्वतःवर खूश होतो. पण माझ्या हिशेबात एक रकाना राहिला होता.

घरी धुणे-भांडी करणारी बाई निमाडकडची. एके दिवशी तिला कामावर येण्यास उशीर झाला. मी सहज कारण विचारले. ती म्हणाली, “बाबूजी, आजकल आपके यहाँ देर लगती है, तो आगे सब घर में देर हो जाती है।” तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती, तिने विचारल्याचे उत्तर दिले इतकेच. रिठ्याच्या पाण्याने तेलकट कढई दोनदा घासावी लागे. बरण्या जपून धुवाव्या लागत. खताच्या पिंपातील कचरा वरखाली करणे आणि गच्चीवर बादल्या नेणे हे तर कोणी सांगितले, केव्हा सांगितले, याची आम्हाला आठवणही नव्हती. ते काम आपोआप तिच्याकडे गेले होते. रोजचा अर्धा-पाऊण तास वाढला होता आणि पगार तोच होता.

मला माझे कार्यालय आठवले. वरून एखादा सुंदर आदेश निघे. प्रत्येक जण त्यावर सही करून तो खाली पाठवी आणि प्रत्यक्ष काम शेवटच्या शिपायाच्या अंगावर पडे. अहवालात मात्र यश वरच्यांचे. मीही असे अहवाल लिहिले आहेत. आपले शहर 2017 साली स्वच्छता सर्वेक्षणात देशात पहिले आले आणि पुढेही वर्षानुवर्षे तो मान टिकला, याचा सार्थ अभिमान आपण मिरवतो. पण पहाटे झाडू घेऊन निघालेल्या हातांचे स्मरण त्या मिरवण्यात किती असते?

आणि मग आईही वेगळी दिसू लागली. माझ्या वडिलांचा साधेपणा सबंध मोहल्ल्यात वाखाणला जाई. दोन धोतरे, एक कोट, व्यसन नाही, हौस नाही. पण ती दोन धोतरे रोज धुऊन शुभ्र ठेवणारे हात कोणाचे? वडिलांचा साधेपणा आईच्या पाठीवर उभा होता आणि आम्ही भावंडांनी आयुष्यभर नमस्कार वडिलांच्या साधेपणाला केला.

गांधीजींनी आपल्या व्रतांत शरीरश्रमाला स्थान दिले, त्यातील मर्म मला या वयात थोडे उमगले. गरजा कमी करण्याच्या व्रताशेजारीच स्वतः राबण्याचे व्रत त्यांनी ठेवले. विनोबांनी पवनारला 1950 च्या सुमारास कांचनमुक्तीचा प्रयोग केला, तेव्हा आश्रमीय विहिरीचे पाणी स्वतःच्या बळावर काढीत. पैसा आणि बैल सोडल्यावर जो भार उरला, तो त्यांनी आपल्या खांद्यावर घेतला. एक व्रत उचलून दुसरे सोडले, तर साधेपणा ही दुसऱ्याच्या श्रमावर चाललेली हौस होऊन बसते.

म्हणून माझ्या प्रश्नाचे उत्तर मी असे देईन. साधेपणाचे मोल केवळ निवडीत नाही. सोडलेल्या सोयीची किंमत कोण चुकती करतो, यावरही ते ठरते. आईला निवड नव्हती, हे खरे. पण तिने आपला भार दुसऱ्यावर टाकला नाही, उलट आम्हा सर्वांचा वाहिला. आमची निवड होती, पण भार तिसऱ्याच बाईने वाहिला.

त्या रात्री घरात बोलणे झाले. सूनबाई काही वेळ गप्प राहिल्या. मग त्याच म्हणाल्या की, पगार वाढवलाच पाहिजे, पण तेवढ्याने भागणार नाही, कारण तिचा वेळ पुढच्या घरांचाही आहे. पगार वाढला. खताचे पिंप आता माझ्याकडे आहे, बादल्या मुलगा नेतो आणि रात्रीच्या कढया घरचीच माणसे पाळीने घासतात. महिन्याभरात दोन कढया कमी लागू लागल्या, कारण तळणाचा आग्रह आपोआप ओसरला. स्वतः घासायची वेळ आली, तेव्हाच आम्हाला कमी वापरण्याचा खरा अर्थ कळला.

सगळे सुटले, असे मात्र नाही. मला निवृत्तिवेतन आहे आणि वेळही आहे. दोघेही नोकरी करणाऱ्या तरुण जोडप्याने काय करावे, हे मी कोणत्या तोंडाने सांगू? त्यांच्यासाठी यंत्राची एखादी सोय हाच अधिक न्यायाचा मार्ग असू शकेल. मात्र घरात एखादे व्रत सुरू करण्यापूर्वी, ते पाळण्याचे काम कोणाकडे जाणार, एवढे तरी विचारून घ्यावे. आणि ज्याच्याकडे जाणार, त्याला आधी विचारावे. आमच्या घरात ते विचारायचे राहून गेले होते.