सर्वस्वात काय येत नाही

विश्वजित् यज्ञात यजमानाने आपलं सर्वस्व दक्षिणा म्हणून द्यायचं असतं. या विधीवरून जैमिनीच्या मीमांसासूत्रांच्या सहाव्या अध्यायात एक प्रश्न उभा केला आहे. तो प्रथम वाचताना चमत्कारिक वाटतो. सर्वस्व म्हणजे जे जे ‘स्व’ ते सगळं. मग स्वतःचे आईवडीलही देऊन टाकायचे का? त्यांनाही आपण ‘माझे’च म्हणतो. मीमांसकांचं उत्तर असं, की एखाद्याला ‘माझं’ म्हणता येणं वेगळं आणि त्याच्यावर आपलं स्वामित्व असणं वेगळं. दान म्हणजे आपलं स्वामित्व सोडून ती वस्तू दुसऱ्याच्या स्वामित्वाची करणं. जिथे मुळात स्वामित्वच नाही, तिथे सोडणार काय? म्हणून आईवडील देता येत नाहीत. त्याच न्यायाने राजालाही सगळी भूमी देता येत नाही, कारण तिच्यावर राहणाऱ्या सर्वांचं तिच्याशी नातं असतं. ही जुनी चर्चा आज पुन्हा उघडावी असं वाटतं ते एका अगदी नव्या दानामुळे. त्या दानात लाळेची एक नळी असते, स्वतःच्या स्वभावाविषयीची एक लांबलचक प्रश्नावली असते आणि खाली एक सही असते.

ब्रिटनमध्ये २००६ ते २०१० या काळात ४० ते ६९ वयोगटातल्या सुमारे पाच लाख माणसांनी यूके बायोबँकेला असं दान केलं. रक्त दिलं, लघवी दिली, मोजमापं करून घेतली, बुद्धीच्या चाचण्या सोडवल्या, आपली झोप, दारू, एकटेपणा, मनाची उदासी यांविषयीच्या प्रश्नांना उत्तरं दिली. मोबदला कोणी मागितला नाही. अशा स्वयंसेवकांच्या भरवशावर वर्तन-जनुकशास्त्र उभं आहे. शिक्षणाच्या वर्षांचा जनुकांशी काय संबंध आहे हे पाहणाऱ्या २०२२ च्या अभ्यासात तीस लाख माणसांची माहिती होती. या विषयात एकेका जनुकीय फरकाचा परिणाम इतका बारीक असतो, की लाखो माणसं एकत्र आल्याशिवाय तो दिसतच नाही. अशा माणसांना नागरिक वैज्ञानिक म्हणण्याची पद्धत आता रुळते आहे. त्यांच्या औदार्याविषयी मला शंका नाही. शंका आहे ती ‘दान’ या शब्दाविषयी, कारण जे दिलं जातं ते देणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचं नसतं.

माझ्या जनुकसंचातला अर्धा भाग आईचा, अर्धा वडिलांचा. माझ्या मुलात त्यातला अर्धा जातो, सख्ख्या भावंडांत सरासरी अर्धा सारखा असतो. ही शाळेतल्या पुस्तकातली गोष्ट व्यवहारात किती लांब पोचते ते २०१८ मध्ये दिसलं. सुमारे तेरा लाख नोंदींचा साठा तपासून संशोधकांनी दाखवलं, की युरोपीय वंशाच्या अमेरिकी माणसाचा डीएनए हाती असेल, तर साधारण साठ टक्के वेळा त्या साठ्यात त्याचा असा एखादा नातेवाईक सापडतो, ज्याचे आणि त्याचे खापरपणजोबा एक आहेत. तिथून प्रत्यक्ष माणसापर्यंत पोचणं हे चिकाटीचं काम उरतं. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात अनेक खून आणि बलात्कार केलेला एक जुना गुन्हेगार याच वाटेने पकडला गेला. दूरच्या नातलगांनी वंशवृक्षाच्या हौसेने एका संकेतस्थळावर ठेवलेली माहिती पोलिसांच्या उपयोगी पडली. तो पकडला गेला हे चांगलंच झालं. पण ज्याला आपण पाहिलंही नाही अशा माणसाविषयी आपली सही बोलू शकते, हेही त्यातून सिद्ध झालं.

इथे कोणी म्हणेल, की हे सगळ्याच वैद्यकीय संशोधनाला लागू आहे, मग वर्तनाचंच वेगळं काय? वेगळं आहे. रक्तातली साखर वाढते असं कळलं तर माणूस पथ्य करतो. त्याच्या कुळात आक्रमकता आहे किंवा बुद्धी कमी आहे असं कोणी म्हटलं, तर बोट थेट तो कोण आहे यावर पडतं. अ‍ॅरिझोनात ग्रँड कॅनियनच्या तळाशी राहणाऱ्या हवासुपाई लोकांनी १९९० पासून विद्यापीठाला रक्त दिलं ते मधुमेहाच्या काळजीपोटी. त्याच रक्तावर पुढे स्किझोफ्रेनिया, जवळच्या नात्यातली लग्नं आणि पूर्वजांचं स्थलांतर यांवर काम झालं. आपण याच दरीतून जन्मलो अशी ज्यांची श्रद्धा, त्यांना आपल्याच रक्ताची साक्ष आपल्याविरुद्ध निघालेली पाहावी लागली. २०१० मध्ये विद्यापीठाने तडजोड केली, ४१ जणांना मिळून सात लाख डॉलर दिले आणि उरलेले नमुने परत केले. त्या लोकांची जखम पैशाची नव्हती. ज्या कारणासाठी दिलं त्या कारणापलीकडे ते नेलं गेलं, ही होती.

आपल्याकडे हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण इथल्या अनेक जातींत पंधराशे-दोन हजार वर्षं बेटीव्यवहार जातीतच राहिला आहे आणि जनुकांत तो स्पष्ट वाचता येतो. एका माणसाचा नमुना त्याच्या घरापुरता राहत नाही, जातीविषयीही काही सांगून जातो. त्यात ‘वर्तन’ हा शब्द मिसळला की काय होतं, ते आपण कायद्याच्या रूपात भोगलं आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने गुन्हा जन्माने येतो असं गृहीत धरलं. पारधी, कैकाडी अशा समाजांतल्या मुलांना पाळण्यातच संशयित ठरवलं, सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसं तारेच्या कुंपणाआड ठेवली. १९५२ मध्ये ते विमुक्त झाले. संशय मात्र अजून त्यांच्या मागे फिरतो. त्या कायद्यामागे जनुकशास्त्र नव्हतं. तरी, किंवा म्हणूनच, उद्या कोणी अर्धवट वाचलेल्या आकड्यांचा आधार घेऊन तीच गोष्ट नव्या भाषेत सांगू लागला, तर ऐकणारे तयार आहेत, हे विसरता येत नाही.

आणि स्वयंसेवकांच्या औदार्याचा असा उपयोग पूर्वी झालेला आहे. १८८४ मध्ये फ्रान्सिस गाल्टन यांनी लंडनच्या आरोग्य प्रदर्शनात मोजमापाची प्रयोगशाळा मांडली. नऊ हजारांहून अधिक माणसांनी तीन-तीन पेनी स्वतःच्या खिशातून देऊन आपली उंची, श्वास, नजर, मुठीचा जोर मोजून घेतला. ‘सुप्रजननशास्त्र’ या कल्पनेला तिचं इंग्रजी नाव गाल्टन यांनी आदल्याच वर्षी दिलं होतं. पुढे अमेरिकेत १९१० पासून अशाच कल्पनेच्या कार्यालयात कुटुंबं आपल्या गुणदोषांचे तक्ते भरून पाठवत राहिली, आणि त्याच चळवळीच्या जोरावर साठ हजारांहून अधिक माणसांची सक्तीने नसबंदी झाली. तक्ता भरणाऱ्यांचा हेतू वाईट होता असं मी म्हणणार नाही. आपण काय देतो आहोत आणि ते कोणाविषयी आहे, हे त्यांनी विचारलं नाही.

मग भाग घेऊच नये का? इथे समोरची बाजू बळकट आहे आणि ती पूर्ण मांडली पाहिजे. १९४८ मध्ये फ्रीडा फ्रॉम-राइशमान या मनोविश्लेषकांच्या लेखनातून एक कल्पना पुढे आली, की मुलाला स्किझोफ्रेनिया होतो तो आईच्या थंड वागण्याने. पुढची कित्येक वर्षं आजारी मुलांच्या आयांनी हा दोष डोक्यावर वागवला. २०२२ मध्ये ७६ हजारांहून अधिक रुग्णांच्या नमुन्यांतून या आजाराशी जोडलेल्या २८७ जनुकीय जागा सापडल्या, तेव्हा त्या आरोपाचा उरलासुरला आधारही गेला. हे नमुने न देणाऱ्याने आपल्या कुळाचं रक्षण केलं असेल, पण त्या आयांचं नाही. डॉ. आंबेडकरांचं उदाहरण तर डोळ्यांसमोर ठेवण्यासारखं आहे. १९३६ च्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’मध्ये जातिव्यवस्था म्हणजे सुप्रजनन, हा दावा खोडताना त्यांनी बेटसन या आनुवंशशास्त्रज्ञाचाच आधार घेतला. उच्च मानसिक गुण एकाच सरळ रीतीने पुढच्या पिढीत उतरतात असं दिसत नाही, असं बेटसन म्हणत होते. आजचे अभ्यास नेमकं हेच दाखवतात: हजारो बारीक फरक, आणि त्यांत गुंतलेली परिस्थिती. आइसलंडमधल्या २०१८ च्या अभ्यासात तर आईवडिलांची मुलाकडे न गेलेली जनुकंही मुलाच्या शिक्षणाशी जोडलेली दिसली, कारण ती आईवडिलांनी दिलेल्या घरात काम करत होती. म्हणजे आनुवंशिकतेचं म्हणून मोजलेलं काही प्रत्यक्षात संगोपन होतं. हे कळलं ते लोकांनी नमुने दिले म्हणूनच. अन्यायाविरुद्धचा पुरावाही याच नळीतून येतो.

म्हणून मला दान सोडून वेगळ्या कल्पनेकडे जावंसं वाटतं, आणि ती आपल्याच व्यवहारात आहे. मिताक्षरा या धर्मशास्त्रग्रंथानुसार एकत्र कुटुंबाची मिळकत कर्त्याची एकट्याची नसते. तरी संकट असेल, कुटुंबाचं हित असेल किंवा धर्मकार्य असेल, तर तो सर्वांच्या वतीने ती देऊ शकतो. कारण मात्र खरं असावं लागतं आणि ते दाखवावं लागतं. जनुकसंच ही अशीच अविभक्त मिळकत आहे. आजाराचं मूळ शोधणं हे कुटुंबार्थही आहे आणि धर्मार्थही. पण ‘भविष्यातल्या कोणत्याही संशोधनासाठी’ अशी कोरी सही करणारा कर्ता कारण न दाखवता शेत विकतो आहे. २०२५ च्या मार्चमध्ये २३अँडमी ही कंपनी दिवाळखोरीत गेली, तेव्हा सुमारे दीड कोटी माणसांची जनुकीय माहिती ही तिची मालमत्ता म्हणून विक्रीला आली. ती कंपनीच्याच एका सहसंस्थापिकेच्या ना-नफा संस्थेकडे गेली, हा योगायोग. दुसऱ्या कोणाकडेही जाऊ शकली असती.

या उपमेवरचा सगळ्यात गंभीर आक्षेप मला स्वतःलाच अस्वस्थ करतो. जनुकं कुटुंबाची म्हटली, तर आपल्या समाजात उद्या सासरा सुनेला, भाऊ बहिणीला सांगेल, की आमच्या कुळाची गोष्ट बाहेर द्यायची नाही. स्वतःच्या शरीरावरचा हक्क बाईला आधीच मोजूनमापून मिळतो. त्यात ही भर कशाला? आक्षेप खरा आहे. म्हणून मिताक्षरेतून मी घेतो ते हिशेब देण्याचं कर्तव्य. कर्त्याचा अधिकार घेत नाही, आणि बाकीच्यांना नकाराधिकारही देत नाही. सही करणारीचा निर्णय तिचाच. घरच्यांना सांगावं, त्यांचं ऐकावं, एवढंच. आणि जिथे सांगणंच धोक्याचं असेल तिथे तेही नाही. हे कर्तव्य खरं तर संशोधन संस्थांच्याच अंगावर जास्त यायला हवं. प्रश्न काय विचारायचा, निष्कर्षाला नाव काय द्यायचं, कोणत्या समाजाचा उल्लेख करायचा, या बैठकीत नमुना देणाऱ्यांना जागा असेल, तरच ‘नागरिक वैज्ञानिक’ या शब्दातला दुसरा भाग खरा. यूके बायोबँकेतून माघार घेता येते. जे अभ्यास आधीच होऊन गेले, त्यांतून आपली माहिती मात्र परत निघत नाही. म्हणून विचारायची वेळ सहीच्या आधीची असते.

कठोपनिषदाची सुरुवात सर्वस्व देण्याच्या यज्ञानेच होते. भाष्यकार तो विश्वजित् मानतात. वडील दूध आटलेल्या, म्हाताऱ्या गाई दक्षिणेत देताना पाहून नचिकेता विचारतो, मला कोणाला देणार? उत्तर मिळत नाही तेव्हा दुसऱ्यांदा विचारतो, मग तिसऱ्यांदा. तिथे निदान विचारायला मुलगा समोर उभा होता. संमतिपत्रावर सही होते तेव्हा तो बहुधा दुसऱ्या खोलीत झोपलेला असतो, किंवा अजून जन्मालाही आलेला नसतो.