काळा शर्ट आणि कपाळावरची राख



काही महिन्यांपूर्वीची गोष्ट. रविवारच्या मिस्सानंतर आम्ही चर्चच्या दारात उभे होतो. दहावीतला एक मुलगा बाहेर आला. काळा शर्ट, काळी घट्ट पँट, मनगटावर काळे पट्टे आणि एक डोळा पूर्ण झाकतील असे केस. मागून कोणीतरी म्हणाले, "फादर, याला काही सांगा. चर्चमध्ये असं येतात का?" आम्हीही फारसा विचार न करता सर्वांदेखत बोलून गेलो, "पुढच्या रविवारी केस कापून ये रे बाबा." लोक हसले. तो हसला नाही. पुढचे तीन रविवार तो आलाच नाही.

मग आम्ही त्याच्या घरी गेलो. तेथे जे बोलणे झाले ते पापनिवेदनातले नव्हे आणि त्याच्या परवानगीनेच येथे लिहीत आहोत. तो म्हणाला, "फादर, माझ्या बाकावर बसतो त्याचे बाबा गेले. कर्ज होतं. त्याच्या घरी कोणी बोलतच नाही. आम्ही दोघं मोबाईलवर ही गाणी ऐकतो."

ही गाणी म्हणजे 'एमो' संगीत. 'इमोशनल' या शब्दाचे हे छोटे रूप. १९८०च्या दशकाच्या मध्यास अमेरिकेतील वॉशिंग्टन शहरात काही तरुणांनी रागीट संगीतात स्वतःच्या मनातली व्यथा गायला सुरुवात केली. पुढे २०००च्या दशकात त्याला काळ्या कपड्यांची, डोळ्यावर ओढलेल्या केसांची, काजळाची जोड मिळाली आणि ती जगभरातील किशोरांची एक ओळख बनली. मोठ्यांनी त्याची टिंगल केली. कुठे कुठे टिंगलीवर भागले नाही. मार्च २००८ मध्ये मेक्सिकोतील केरेतारो शहरात अशा मुलांवर जमावाने हल्ला केला. तो देश बहुसंख्य कॅथलिक आहे, हे आपण विसरू नये. चर्चच्या दारातले हसणे आणि रस्त्यावरची मारहाण यांत अंतर पुष्कळ आहे. पण रस्ता एकच आहे.

तरीही प्रश्न उरतोच. दुःख अंगावर घालून मिरवावे का? ते ढोंग नव्हे काय? प्रभू येशूने तर उपवास करताना चेहरा उदास करू नका, तोंड धुवा, असे आपल्याला बजावले आहे. गंमत अशी की शुभवर्तमानातील हाच उतारा आपण राखेच्या बुधवारी वाचतो आणि लगेच कपाळावर राख लावून घेऊन बाजारातून घरी जातो! मग ख्रिस्तसभा स्वतःच प्रभूचे ऐकत नाही असे म्हणायचे का?

तसे नाही. प्रभूचा रोष खुणेवर नाही, तर ती खूण लावून लोकांकडून मान मिळवण्यावर आहे. राख सर्वांच्या कपाळावर सारखीच असते. 'माझ्याकडे पाहा' असे ती सांगत नाही. 'आपण सारे मातीचे आहोत' असे सांगते. दुःख बोलून दाखवणे हे अश्रद्धपणाचे लक्षण असते, तर ८८वे स्तोत्र पवित्र शास्त्रात आलेच नसते. ते अंधारात सुरू होते आणि अंधारातच संपते. तरीही ती प्रार्थना आहे, कारण ती कोणाला तरी उद्देशून आहे.

म्हणजे कसोटी ही: ही खूण मला माझ्यातच कोंडते, की दुसऱ्याच्या वेदनेकडे नेते?

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. वर्ध्याच्या मगनवाडीत एक ख्रिस्ती माणूस राहत असे, जे. सी. कुमारप्पा. लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले, अमेरिकेत अर्थशास्त्र शिकलेले, सुटाबुटात वावरणारे. १९२९ मध्ये ते गांधीजींना भेटले आणि पुढे त्यांनी खादी धरली. 'कॉर्नेलियस' हे आडनाव सोडून कुमारप्पा हे घराण्याचे जुने नाव घेतले. आजच्या भाषेत त्यांनी आपली 'आयडेंटिटी' बदलली! पण ते कपड्यांपाशी थांबले नाहीत. १९३४ मध्ये स्थापन झालेल्या ग्रामोद्योग संघातून त्यांनी तेलघाणी, हातकागद, मधमाशा यांसारख्या खेड्यातल्या धंद्यांसाठी वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या अंगावरची खादी गरिबाच्या दाराकडे चालत गेली.

फ्रेंच कॅथलिक तत्त्वज्ञ गाब्रिएल मार्सेल यांनी 'जवळ असणे' आणि 'असणे' यांत भेद केला आहे. केस, कपडे, गाणी आपल्याजवळ असतात. आपण कोण आहोत, हे मात्र आपण कोणासाठी उभे राहतो त्यावरून कळते.

म्हणून युवकांनो, तुम्हाला एवढेच विचारतो: ती गाणी ऐकून झाल्यावर खोलीचे दार बंद होते की उघडते? 'मला कोणीच समजून घेत नाही' हे वाक्य खरे वाटू शकते; पण त्यातच घर करू नका. तुमचा मित्रही कदाचित तेच म्हणत असेल.

आणि आईवडिलांनो, २००६ मध्ये शेतकरी आत्महत्यांमुळे केंद्र सरकारने विदर्भातील ज्या सहा जिल्ह्यांना मदतयोजना दिली, त्यांत आपला वर्धाही होता. आपल्याकडे दुःख गप्प बसते. तेव्हा एखादे मूल ते अंगावर घालून समोर आले, तर आधी कात्री शोधू नका. जवळ बसा. मूल जेवेनासे झाले, झोपेनासे झाले, स्वतःला इजा करू लागले, मरणाच्या गोष्टी बोलू लागले, तर रागावू नका, लपवू नका आणि केवळ प्रार्थनेवरही सोपवू नका. सेवाग्रामच्या रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. १४४१६ या सरकारी टेलिमानस क्रमांकावर विनामूल्य बोलता येते. डॉक्टरांकडे जाणे म्हणजे श्रद्धा कमी असणे नव्हे.

त्या मुलाला आम्ही सर्वांदेखत बोललो होतो. म्हणून क्षमाही येथे सर्वांदेखत मागत आहोत. आता तो पुन्हा मिस्साला येतो. केस तसेच आहेत. गेल्या रविवारी शेवटच्या बाकावर त्याच्याशेजारी त्याचा मित्रही बसला होता. मिस्सानंतर त्या मित्राची विचारपूस करायला कोण थांबले, हे ज्याने त्याने स्वतःला विचारावे.

प्रभू तुम्हा सर्वांस आशीर्वाद देवो.

आपला धर्मगुरू