हरभरा कुणाचा?

उजनीचं धरण १९८० ला पुरं झालं अन् दौंडच्या खालच्या अंगाला भीमेकाठची आमची मळई पाण्यात गेली. उरलेल्या पट्टीत आबा हरभरा करायचे. शिरूरकडून येणारी घोडनदी पोटात घेतलेल्या भीमेवर थंडीत पट्टकदंब उतरायचे अन् रात्रीतून हरभऱ्याचे कोवळे शेंडे खुडायचे.

एका पहाटे मी गोफण उचलली. आबा म्हणाले, "हाळी दे, दगड नको. आपल्याला धरणानं उठवलं, त्यांनी न्हवं."

मोठेपणी कळलं, मंगोलियात अभ्यासकांनी गळ्यात पट्टा घातलेले हेच पक्षी दक्षिण भारतात दिसलेत. हिमालय ओलांडून येणाऱ्याला एक गाव राखून भागत नाही. तिथलं तळं अन् इथला गाळ, दोन्ही राखावं लागतं.

भिगवणजवळ कुंभारगाव, डिकसळचे मच्छीमार आता होडीतून लोकांना रोहित दाखवतात. पाखरू आलं तर त्यांची चूल पेटते. पण हरभरा गेलेल्याचं काय? पाखरं साऱ्यांची अन् नुकसान एकट्याचं, हा न्याय नव्हे. आबांनी दगड टाकायला लावला, हे त्यांचं थोरपण. पण गरिबाच्या थोरपणावर किती दिवस पाखरं जगवायची? राखणीत साऱ्यांचाच वाटा हवा.