बोलण्याचा अधिकार कोणाचा?



आजाऱ्यांना ख्रिस्तप्रसाद देण्यासाठी आम्ही घरोघर जातो, तेव्हा एका घरात दर वेळी एकच प्रश्न समोर येतो : "फादर, यांना ऐकू येत असेल का हो?" यजमानांचे हृदय बंद पडले होते. डॉक्टरांनी ते पुन्हा सुरू केले, पण तोवर मेंदूचा प्राणवायू तुटला होता. आता दिवसा डोळे उघडे असतात, रात्री झोप लागते. हाक मारली तर ओ नाही. सुरुवातीला आम्ही "हो, येत असेल" असे म्हणून मोकळे झालो. घरी परतताना मात्र वाटले, हे आपण कशाच्या आधारावर बोललो?

आपला मेंदू शरीराच्या वजनाच्या जेमतेम २ टक्के. पण प्राणवायू खातो सुमारे २० टक्के. साठा करून ठेवण्याची सोय त्याच्याकडे नाही. रक्त थांबले की १०-१५ सेकंदांत शुद्ध हरपते आणि चार-पाच मिनिटांनंतर पेशी मरू लागतात. विचार, ओळख, आठवण ज्यांच्यावर अवलंबून त्या वरच्या थरातील पेशी सर्वांत नाजूक. श्वास, झोप आणि जाग सांभाळणारा खालचा देठ त्यामानाने चिवट. म्हणून माणूस जागा असतो, पण भानावर नसतो. याला 'ब्रेन डेड' म्हणणे चूक आहे. त्यात देठही थांबलेला असतो आणि कायद्याने तो मृत्यूच मानला जातो.

मार्च २०२३ मध्ये आपल्याच तालुक्यातील खांडज येथे गोबर गॅसच्या टाकीत चौघांचा जीव गेला, हे आपल्याला आठवत असेल. (टाकीत किंवा जुन्या विहिरीत कोणी पडला तर मागोमाग उडी घेऊ नका, हे येथेच सांगून ठेवतो.) ते मरण दिसणारे होते. गावाने रडून घेतले. जो वाचतो पण परत येत नाही, त्याच्यासाठी रडायचे की आशा धरायची हेच घराला कळत नाही.

महाराष्ट्राने हा प्रश्न ४२ वर्षे पाहिला. २७ नोव्हेंबर १९७३ रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात अरुणा शानबाग या परिचारिकेवर तेथल्याच एका सफाई कामगाराने हल्ला केला आणि कुत्र्याच्या साखळीने गळा आवळला. मेंदूला प्राणवायू मिळाला नाही. तेव्हा त्या पंचविशीच्या होत्या. त्यानंतर १८ मे २०१५ रोजी न्यूमोनियाने देहान्त होईपर्यंत त्याच रुग्णालयातील परिचारिकांनी त्यांना भरवले, पुसले, कुशीवर वळवले. एका पिढीतल्या परिचारिका निवृत्त झाल्या, दुसरीने हाती घेतले.

त्यांच्यावर पुस्तक लिहिणाऱ्या पिंकी विराणी सर्वोच्च न्यायालयात गेल्या : हे जगणे नव्हे, अन्न थांबवून त्यांना शांतपणे जाऊ द्या. त्यांच्या हेतूबद्दल आम्हाला शंका नाही. त्यांनाही अरुणाताईंचा कळवळाच होता. परिचारिका म्हणाल्या, आम्ही सांभाळतो आहोत, सांभाळू द्या. ७ मार्च २०११ रोजी न्यायालयाने ठराविक प्रसंगी उपचार थांबवण्याची वाट कायद्यात खुली केली, पण अरुणाताईंच्या बाबतीत परवानगी नाकारली. तिच्या वतीने बोलण्याचा अधिकार, न्यायालय म्हणाले, के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा, कारण रात्रंदिवस तिच्याजवळ तेच आहेत.

आम्हाला या निकालातील हीच गोष्ट मोलाची वाटते. अरुणाताईंना आत काही कळत होते की नाही, हे परिचारिकांनी आधी सिद्ध केले नाही. शोधून काढणे अवघडही आहे. २००६ मध्ये इंग्लंडमध्ये अशाच अवस्थेतील एका तरुणीला "टेनिस खेळतेस अशी कल्पना कर" असे सांगताच तिच्या मेंदूत निरोगी माणसासारखी हालचाल यंत्रावर दिसली. तिला अपघाताचा मार होता. प्राणवायू तुटलेल्यांत अशी आशा कमी असते, हेही सांगितले पाहिजे. सेमिनरीत आम्ही संत थॉमस अक्वायनस अभ्यासले. त्यांच्या मते आत्मा हा देहाच्या खोलीत राहणारा भाडेकरू नव्हे. हा जिवंत देह म्हणजेच तो माणूस. मग "आत कोणी आहे का?" हा प्रश्न विचारण्याची रीतच चुकते. ज्याची पाठ आपण पुसतो तोच तो.

ख्रिस्तसभेची शिकवण थोडक्यात सांगायची तर, १९५७ मध्ये बारावे पायस यांनी म्हटले की असाधारण उपचार चालवलेच पाहिजेत असे बंधन नाही. म्हणजे व्हेंटिलेटरला नकार देणाऱ्या कुटुंबाने पापाचे ओझे घेऊ नये. २००४ मध्ये दुसरे जॉन पॉल यांनी स्पष्ट केले की अन्नपाणी, नळीने दिले तरी, ही शुश्रूषा आहे. शरीर ते स्वीकारते तोवर द्यावे.

वेदीवरून हे सांगायला आम्हाला पाच मिनिटे लागतात. पण के.ई.एम.मध्ये पाळ्या होत्या. रात्रपाळीची आली की दिवसपाळीची घरी जाऊन झोपत असे. आपल्या घरांत पाळी बदलायला कोण येते? बहुतेक ठिकाणी एक बायको किंवा एक सून, आणि तिचे दुखणारे मनगट. दर दोन तासांनी कूस, डायपरचा खर्च, ऊसतोडीच्या दिवसांत बुडालेली मजुरी. अशी बाई कधी म्हणाली, "देवाने यांना न्यावे," तर तिला निर्दय म्हणणारे आम्ही ऐकले आहेत. ते कोणी त्या खाटेजवळ एक रात्र बसलेले नव्हते. निकालाचाच न्याय लावला तर त्यांना बोलण्याचा अधिकार नाही, आणि खरे सांगायचे तर आमचाही थोडाच आहे.

गेल्या महिन्यात त्या बाईंनी पुन्हा विचारले. आम्ही या वेळी "माहीत नाही" म्हणालो. त्या रागावल्या नाहीत. "मग जरा खांदा धरा, चादर बदलते," म्हणाल्या. धरला. माणूस किती जड असतो ते तेव्हा कळले.

सात महिन्यांत त्यांना रविवारची मिस्सा मिळालेली नाही. त्यांना विचारूनच हे लिहीत आहोत. मिस्सेच्या वेळी दोन तास त्या घरी बसण्याची ज्यांची तयारी आहे, त्यांनी आज मिस्सेनंतर सॅक्रिस्टीत भेटावे. दोघे-दोघे असलेले बरे. कूस कशी बदलायची ते त्या स्वतः दाखवणार आहेत.