मनाचे शास्त्र आणि माणसाची जबाबदारी

गणपती ही बुद्धीची देवता. पण बुद्धी आणि मन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आपल्या पूर्वसूरींना चांगले ठाऊक होते. कठोपनिषदात शरीराला रथ, इंद्रियांना घोडे, मनाला लगाम आणि बुद्धीला सारथी म्हटले आहे. समर्थ रामदासांनी मनाला उद्देशून 205 श्लोक रचले. मनाला उपदेश करता येतो, म्हणजे माणूस बदलू शकतो आणि आपल्या वागण्याला तो स्वतः उत्तरदायी असतो, ही श्रद्धा या साऱ्यामागे आहे.

आधुनिक मानसशास्त्राने नेमक्या याच श्रद्धेची कसून तपासणी केली. माणूस जे वागतो ते तो ठरवून वागतो की त्याच्याकडून तसे घडते? आणि घडत असेल, तर त्याला दोष कसा द्यायचा? हा प्रश्न केवळ विद्वानांचा नाही. मुलगा उलट उत्तर देतो, मुलगी दार लावून बसते, नवरा घरात शिरताच चिडतो, तेव्हा तो आपल्याच दिवाणखान्यात उभा राहतो. म्हणून या शास्त्रातील प्रमुख विचारप्रवाहांनी त्याला काय उत्तरे दिली, ते पाहू.

विल्हेल्म वुंट यांनी 1879 मध्ये जर्मनीतील लाइपझिग विद्यापीठात मानसशास्त्राची प्रयोगशाळा स्थापन केली. या शास्त्राचा जन्म तिथला मानतात. रसायनशास्त्रात पदार्थाचे घटक शोधतात, तसे अनुभवाचे घटक शोधण्याचा त्यांच्या परंपरेचा प्रयत्न होता. अमेरिकेत विल्यम जेम्स यांनी 1890 साली दोन खंडांचा मोठा ग्रंथ लिहिला. मन कशाचे बनले आहे यापेक्षा ते जगण्यात कोणत्या उपयोगाला येते, हा त्यांचा प्रश्न होता. याच जेम्स यांना तरुणपणी नैराश्याने ग्रासले होते. आपण निसर्गनियमांच्या हातातील बाहुले आहोत, या विचाराने ते खचले होते. 1870 च्या एप्रिलमध्ये त्यांनी रोजनिशीत एक निश्चय लिहून ठेवला. इच्छास्वातंत्र्यावर विश्वास ठेवायचा, आणि तो विश्वास ठेवणे हेच आपले पहिले स्वतंत्र कृत्य मानायचे, असा त्याचा आशय होता. त्यांच्यापुरती सावरण्याची सुरुवात तिथून झाली.

त्यानंतर व्हिएन्नाचे सिग्मंड फ्रॉइड आले. मनाचा मोठा भाग आपल्यालाच अज्ञात असतो, बालपणी दडपलेल्या इच्छा आणि भीती तिथून आपल्याला हलवत असतात, असे त्यांनी सांगितले. त्यांच्या कित्येक कल्पना पुढे टिकल्या नाहीत. पण आजाऱ्याला न दटावता त्याचे ऐकून घ्यावे, हा धडा टिकला. भारतातही हा विचार लवकर पोहोचला. कलकत्त्याचे डॉ. गिरींद्रशेखर बोस यांनी 1922 मध्ये भारतीय मनोविश्लेषण संस्था स्थापन केली. ते पत्रांतून फ्रॉइडशी मतभेदही मांडत, आणि 1931 मध्ये फ्रॉइड यांच्या पंचाहत्तरीनिमित्त त्यांना विष्णूची हस्तिदंती मूर्ती भेट म्हणून गेली.

अमेरिकेत मात्र वारे उलट दिशेने वाहू लागले. जॉन वॉटसन यांनी 1913 मध्ये जाहीर केले की मन दिसत नाही, मोजता येत नाही. तेव्हा शास्त्राने फक्त वर्तन पाहावे. हा वर्तनवाद. निरोगी बालके माझ्या स्वाधीन करा, त्यांतल्या कुणालाही हवे तर डॉक्टर बनवीन, हवे तर चोर, अशी त्यांची प्रसिद्ध बढाई होती. त्यांनी आणि रोझाली रेनर यांनी एका तान्ह्या मुलाला पांढरा उंदीर दाखवताना मोठा आवाज करून उंदराची भीती घातली आणि 1920 मध्ये तो प्रयोग प्रसिद्ध केला. ती भीती काढून टाकण्याचे काम मात्र राहून गेले. 1928 मध्ये आलेल्या पालकांसाठीच्या पुस्तकात वॉटसन यांनी मुलांना कुशीत घेऊ नका, मुके घेऊ नका, सकाळी फार तर हस्तांदोलन करा, असा सल्ला दिला. चांगले आईबाप व्हावे या इच्छेने अनेक घरांत तो पाळलाही गेला असेल. आपल्या आजीने तो ऐकला असता तर तिने कपाळाला हात लावला असता!

विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या हॅरी हार्लो यांनी 1958 मध्ये जे प्रयोग मांडले त्यांनी आजीची बाजू खरी ठरवली. माकडांच्या पिलांना त्यांनी दोन खोट्या आया दिल्या. एक तारेची, दुसरी मऊ कापडाची. दूध तारेच्या आईकडे असले तरी पिले बराचसा वेळ कापडाच्या आईलाच बिलगून राहत. माया ही दुधाच्या मोबदल्यात जडणारी सवय नव्हे, ती स्वतंत्र भूक आहे, हे त्यातून दिसले. अर्थात हे सिद्ध करायला आईपासून तोडलेल्या त्या पिलांनी दिलेली किंमतही विसरता कामा नये.

वर्तनवाद तेवढ्याने संपला नाही. बी. एफ. स्किनर यांनी 1971 च्या आपल्या पुस्तकात स्वातंत्र्य आणि प्रतिष्ठा या कल्पनाच सोडून द्याव्यात आणि परिस्थितीची नीट रचना करावी, असे सुचवले. चांगल्या वागण्याला बक्षीस दिले की ते वाढते, हे त्यांचे निरीक्षण खोटे नव्हते. मुलांच्या शाळेत मिळणारे सोनेरी तारे आणि स्टिकर त्याच विचाराचे आहेत. पण तारा मिळतो म्हणून खरे बोलणारे मूल, तारा बंद झाल्यावर काय करील?

याला मानवतावादी मानसशास्त्रज्ञांनी उत्तर दिले. अब्राहम मॅस्लो म्हणाले, माणूस केवळ भूक आणि भीतीने चालत नाही, आपल्यातील शक्यता फुलवणे हीही त्याची गरज आहे. कार्ल रॉजर्स यांनी कोणतीही अट न घालता माणसाचा स्वीकार करण्याला उपचारात मोलाचे स्थान दिले. व्हिएन्नाचे व्हिक्टर फ्रँकल यांनी तर नाझी छळछावण्यांत आईवडील, भाऊ आणि पत्नी यांना गमावले. सर्व काही हिरावले गेले तरी आलेल्या प्रसंगाला कसे सामोरे जायचे हे ठरवण्याचे स्वातंत्र्य उरते, असे त्यांनी 1946 मध्ये लिहिले. हे वाक्य आरामखुर्चीत बसलेल्या माणसाचे नाही, म्हणून त्याला वजन आहे.

चौथा प्रवाह विचारांना महत्त्व देणारा. न्यूयॉर्कच्या अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास सांगितले की घटना आपल्याला दुःखी करत नाही, त्या घटनेविषयीचा आपला हट्टी समज करतो. या विचारामागे प्राचीन ग्रीक तत्त्ववेत्ता एपिक्टेटस होता, हे एलिस स्वतःच सांगत. मुंबईचे कि. मो. फडके यांनी एलिस यांच्याशी दीर्घ पत्रव्यवहार करून ही विवेकनिष्ठ पद्धत महाराष्ट्रात रुजवली. ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संस्थेने 1990 पासून मानसिक आरोग्याची भाषा मराठी घरांपर्यंत नेली.

इतकी मते ऐकली की आपल्याला हत्ती आणि आंधळ्यांची गोष्ट आठवते. प्रत्येकाच्या हाताला एकेक अवयव लागला, सगळे मिळून हत्ती! पण मनाच्या बाबतीत ही गोष्ट अपुरी पडते. आंधळे काहीही म्हणाले तरी हत्ती हत्तीच राहतो. मनाचे तसे नाही. ज्या मुलाला आपण यंत्रासारखे बटणे दाबून चालवतो, ते हळूहळू यंत्रासारखे वागू लागते. ज्या माणसाला उठता-बसता तू असाच आहेस असे ऐकवले जाते, तो तसाच होत जातो. म्हणून माणसाविषयी कोणते चित्र मनात बाळगायचे, हा केवळ माहितीचा प्रश्न नाही, तो नीतीचाही प्रश्न आहे.

मग कोणते चित्र निवडावे? मला वाटते, निवड कोणाकडे पाहतो आहोत यावर अवलंबून असावी. सामाजिक मानसशास्त्रज्ञ ली रॉस यांनी 1977 मध्ये एका सार्वत्रिक चुकीला नाव दिले. दुसऱ्याच्या वागण्याचे कारण आपण त्याच्या स्वभावात शोधतो आणि परिस्थितीकडे दुर्लक्ष करतो. स्वतःच्या बाबतीत मात्र बहुधा उलटे होते. दुसरा उशिरा आला तर बेफिकीर, आपण उशिरा आलो तर वाहतुकीची कोंडी! म्हणजे फ्रॉइड आणि स्किनर आपण स्वतःला माफ करायला वापरतो, आणि फ्रँकल दुसऱ्याला बोल लावायला. हे उलटे करता आले तर? दुसऱ्याकडे पाहताना त्याचे बालपण, त्याचा ताण, त्याची भीती आधी आठवावी. स्वतःकडे पाहताना मात्र जेम्स यांच्यासारखे, निदान पुढचे पाऊल माझे आहे, असे मानावे.

यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा की घरात हात उगारणाऱ्यालाही समजूनच घ्यायचे का? समजून घेणे म्हणजे चालवून घेणे नव्हे. कारण कळल्यावरही ज्याला इजा होते त्याचे रक्षण आधी केले पाहिजे आणि इजा करणाऱ्याला थांबवलेच पाहिजे. फक्त ते सूडबुद्धीने करू नये. दुसरा आक्षेप जास्त नाजूक आहे. नैराश्याने आजारी असलेला माणूस स्वतःला आधीच अपराधी मानत असतो. त्याला जबाबदारीचे प्रवचन देणे म्हणजे जखमेवर मीठ चोळणे. जबाबदारी आणि अपराधीपणा एक नव्हेत. अशा वेळी जबाबदारीचा अर्थ एवढाच, की मदत मागावी. आणि भोवतालच्यांची जबाबदारी ही, की ती मागताना त्याला लाज वाटू देऊ नये. मधुमेहाची गोळी आपण चारचौघांत घेतो, पण समुपदेशकाकडे जाणे मात्र समाजात कळू नये म्हणून धडपडतो. परदेशात, जिथे मावशी-काकू शेजारी नसतात, तिथे ही लपवाछपवी अधिक महाग पडते.

कठोपनिषदातील रथाकडे पुन्हा पाहिले तर घोडे, लगाम आणि सारथी तिघेही खरे आहेत. कुणाच्या वाट्याला उधळे घोडे येतात, कुणाचा रस्ताच खडबडीत असतो. दुसऱ्याचा रथ कलंडलेला दिसला तर आधी रस्ता पाहावा, आपला कलंडला तर आधी हातातील लगाम पाहावा, आणि लगाम सुटत असेल तर हाक मारायला संकोचू नये. एवढी बुद्धी त्या बुद्धिदात्याने आपणा सर्वांना द्यावी, हीच श्रीचरणी प्रार्थना.